पाइनवरचा पतंग, स्थळ घणसोली

शालन,

तुझ्या शोकसभेत मुख्याध्यापकांनी तुला ‘फुलपाखरांची मैत्रीण’ म्हटलं. मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते. फुलपाखरांशी तुझं कधी पटलं? ‘नटून फिरायला कुणालाही जमतं’ म्हणायचीस. तुझा जीव पतंगांवर, दिवसभर भिंतीला चिकटून बसलेल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या त्या मातकट पाखरांवर. उठून सांगावंसं वाटलं, साहेब, निदान बाईंचा प्राणी तरी नीट ओळखा. पण उठले नाही. उठले असते तर बोलता आलं नसतं, आणि रडताना मी किती वाईट दिसते हे तुला माहीत आहे.

गावाकडे तुझ्या भावानं जलदान विधी केला. निरोप उशिरा पोचला, मला जाता आलं नाही. त्यामुळे तुझ्याशी जे बोलायचं राहिलंय ते असं कागदावर. तू कुठे शिकलीस, किती वर्षं शिकवलंस, हे शाळेच्या वार्षिक अंकात येईलच, तुझ्या त्या कायम डोळे मिटलेल्या फोटोसकट. मला त्या एका पतंगाबद्दल बोलायचंय. आणि आपल्या भांडणाबद्दल. तू गेलीस तेव्हा ते तसंच होतं, अर्धवट.

तू आमच्या घणसोलीच्या घरात भाड्यानं आलीस ती माझ्यामुळे. वाशीच्या शाळेत आपण बरोबरच लागलो होतो. तेव्हा वाशी म्हणजे पुलाच्या टोकाला उभ्या केलेल्या काही इमारती आणि बाकी चिखल. तरी तुला खोली मिळेना. आडनाव विचारलं की खोली कालच दिलेली असायची. मी आयला म्हटलं, मागची खोली रिकामीच आहे, मैत्रीण येऊन राहील. आय बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, “मासली खाते का गो ती?” तू दारातच उभी होतीस. म्हणालीस, “मावशी, सुकट दिली तर ताट चाटून देईन.” त्यावर आय हसली आणि किल्ली काढून दिली.

आमची भातशेती तोवर सरकारनं घेतली होती, मिठागरंही बंद पडत चालली होती. माझा भाऊ, आमचा दादा, हमरस्त्यावरच्या एका कारखान्यात लागला होता. तिथे उत्तरेकडून मोठाली यंत्रं यायची, खोक्यांत बसवून. खोक्याखाली आधाराला साल न काढलेली जाडजूड फळकुटं असायची. यंत्र उतरलं की ती कारखान्याच्या मागे पडून राहायची. दिघ्याला तर निम्मी वस्ती त्यांच्यावर उभी राहिली. कुणी मोरीचा आडोसा केला, कुणी पोटमाळा, कुणी नुसती बंबात घातली. सगळे त्याला देवदार म्हणायचे. दादानं गाडीभर फळ्या आणल्या त्या दिवशी तू एक उचलून नाकाशी धरलीस. “देवदार नाही हे. पाइन आहे. राळेचा वास बघ की,” म्हणालीस. मी म्हटलं, असेना का, फुकटचं आहे.

दादानं त्या फळ्यांचं माजघरात पार्टिशन केलं. सालीची बाजू आतून, कारण बाहेरून गुळगुळीत दिसायला हवं. आतल्या बाजूला वहिनी आणि तिची छबी झोपायच्या. छबी तेव्हा बोलायला लागून फार दिवस झाले नव्हते. तुला ती ‘छालन’ म्हणायची, आणि तुझ्या खोलीतल्या कंदिलाच्या काचेखाली आज कोण बसलंय ते पाहिल्याशिवाय दूध प्यायची नाही.

होळी झाल्यावर तिच्या अंगावर पुरळ उठलं. आधी मानेवर, मग पाठीवर, मग चेहरा. लालभडक, आणि खाज अशी की पोर स्वतःला ओरबाडायची. आयनं एकदा पाहिलं आणि हात जोडले.

“बाया आल्यान,” ती म्हणाली. “फोरनी टाकू नका, खिला ठोकू नका, कोनी केस विंचरू नका.”

गोवर, कांजिण्या, देवी, आयला सगळ्या बायाच. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. दादाची दाढी वाढली. वरणाला फोडणी नाही, घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि मुख्य म्हणजे ज्या जागी बाया आल्या त्या जागेवरून पोरीला हलवायचं नाही. हलवलं तर बाया रागावतात आणि डोळ्यांत उतरतात. आयला मी अडाणी म्हणू शकत नव्हते. तिचा धाकटा भाऊ देवीनं गेला होता, तिच्या मांडीवर. तो गेला तेव्हा त्याला उंबऱ्याबाहेर आणलं होतं, म्हणून गेला, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. देवी देशातून गेली असं रेडिओवर सांगून झालं होतं, पण आमच्या आळीत ती बातमी कुणी मनापासून मानलेली नव्हती. मी वाशीहून डॉक्टर आणला. तो दारातूनच म्हणाला, काहीतरी खाण्यात आलं असेल, गुलाबी औषध लावा. आयनं ती बाटली कोनाड्यात ठेवून दिली.

एरवी बायांचं पुरळ सुकत जातं. हे रोज नव्यानं उठत होतं. सकाळी जरा बरं, झोपून उठली की पुन्हा सगळं अंग पेटलेलं. आणि मग एका सकाळी छबीचा उजवा डोळा उघडेना.

त्या सकाळी तू शाळेला निघताना माजघरात डोकावलीस. छबीकडे पाहायला वाकलीस आणि वाकलेलीच राहिलीस. मला वाटलं तुझी पाठ धरली. तू पार्टिशनकडे बघत होतीस. सालीवर, सालीच्याच रंगाचा, अंगठ्याएवढा जाड पतंग बसला होता. तपकिरी, पंखावर एक बारीक पांढरा ठिपका, आणि मिशा पिसासारख्या.

“कुंदे, हा कोण आहे?” तू विचारलंस.

तू मला कधी असं विचारलं नव्हतंस. तू सांगायचीस आणि मी हो म्हणायचे, असंच आपलं चालायचं. खाडीपासून पारसिकच्या डोंगरापर्यंतचं एकूण एक पाखरू तुझ्या ओळखीचं होतं. याला तू पहिल्यांदा पाहत होतीस. मग तू नखानं साल जरा उचललीस. खाली कोश होते, एकाला एक चिकटलेले, करड्या लोकरीसारखे. त्या लोकरीत बारीक काळे केस उभे रोवलेले. हवेत काहीतरी उडाल्यासारखं झालं आणि तू शिंकलीस. तुझ्या बोटांवर त्याच वेळी लाल पट्टे उठले. तू ते मला दाखवलेस आणि छबीच्या मानेकडे बोट केलंस.

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती अजून तशीच आठवते. घरात साप निघाला असता तर आरडाओरडा करता आला असता. इथे माझ्याच भावानं हौसेनं केलेली भिंत होती, आणि पोर तिला पाठ लावून झोपत होती.

“मावशी, पोरीला बाहेर न्या,” तू आयला म्हणालीस. “बाया नाहीत या. किड्याचे केस आहेत. पोरगी जळायलीय हो.”

आयचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. “तुमचेत देव नाय, म्हनून आमचेत पन नाय का?” ती म्हणाली.

उत्तर तुझ्याकडे होतं, मला माहीत आहे. तुझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरचा देव्हारा डोक्यावर घेऊन नदीत सोडला होता. ती गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितली होतीस की त्या नदीचं पाणी किती गार होतं तेही मला पाठ झालं होतं. पण तू पतंगावर काच ठेवलीस आणि मला म्हणालीस, “याचं नाव पाहिजे. नावाशिवाय कोण ऐकणार?”

शनिवारी अर्ध्या शाळेनंतर आपण दोघी बसनं पूल ओलांडून मुंबईच्या एका संग्रहालयात गेलो. तुझ्या मांडीवर चपलांच्या खोक्यात थर्माकोलवर टाचलेला तो. कंडक्टरनं विचारलं, नवीन चपला का ताई? तू म्हणालीस, हो, एकाच पायाची मिळाली. एवढ्या काळजीतही तुला हे सुचायचं.

तिथले कीटकांचे जाणकार भले गृहस्थ होते. त्यांनी भिंग लावलं, एक खण ओढला, मग दुसरा. तिसऱ्या खणात तो होता. एकच रांग, सगळे तसेच तपकिरी, सगळ्यांना तो पांढरा ठिपका. त्यांनी तुझा पतंग त्या रांगेशेजारी धरला, पंखांची कड, मिशा, पायांवरची लव, सगळं जुळवून पाहिलं. मग म्हणाले, “पाइनवरचा आहे. याचे सुरवंट पाइनची पानं खातात. केस लागले तर आग होते, डोळ्यात गेले तर वाईट. हिमालयाच्या पायथ्याला असतो. कुठे सहलीला गेला होतात का?”

“साहेब, मी नाशिकच्या पुढे कधी गेले नाही,” तू म्हणालीस.

त्यांनी तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. त्यावर तुझ्या टपोऱ्या अक्षरात ‘घणसोली’ लिहिलं होतं. ते हसले. वाईट नाही हसले, पण हसले. म्हणाले, “ठाणे जिल्ह्यात पाइन कुठे आलं, बाई? चिठ्ठीत गफलत झाली असेल. नमुना सुरेख आहे, मी ठेवून घेतो. स्थळ अनिश्चित असं लिहू.”

तू त्यांना लाकडाचं सांगितलंस, कोशांचं सांगितलंस, छबीच्या डोळ्याचं सांगितलंस. ते म्हणाले, लाकडाबरोबर एखादा येतो, मरून जातो, त्याला तिथला म्हणत नाहीत. तू म्हणालीस, एखादा नाही. ते म्हणाले, मग आणून दाखवा. तू खोकं बंद केलंस. “स्थळ घणसोली लिहिणार असाल तर ठेवा,” म्हणालीस, आणि आपण निघालो. पायऱ्यांवर मी तुझ्यावर चिडले होते. एक नमुना ठेवला असता तर काय बिघडलं असतं? तू म्हणालीस, “उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरीला असं झालं आणि तिच्या मास्तरनं हा खण उघडला, तर त्याला काय दिसेल? अनिश्चित?”

नाव घेऊन आपण घरी आलो. आयला नाव सांगून काय होणार होतं? मी सांगून पाहिलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि छबीच्या डोळ्यावर कडुनिंबाचं पाणी शिंपडलं. छबी आता रडतही नव्हती, नुसती कण्हत होती. दादा कोपऱ्यात बसला होता. त्याच्या हाताशी कटावणी होती, पण आयनं सांगितल्याशिवाय खिळा काढायची त्याची छाती नव्हती. खरं तर माझीही नव्हती. आयच्या त्या भावाची सावली आमच्या सगळ्यांवर होती.

तू तुझ्या खोलीत गेलीस. परत आलीस तेव्हा पाय धुतलेले, डोक्यावर पदर. मी तुला पदर घेतलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तू छबीपाशी गेली नाहीस. सरळ पार्टिशनसमोर गुडघे टेकलेस आणि हात जोडलेस.

“मावशी,” तू म्हणालीस, “मला पहाटं सपान पडलं. बाया पोरीच्या अंगात नाहीत. या लाकडात बसल्यात. दूरच्या रानातल्या हायेत त्या, त्यांना परत जायचंय. पाण्यात पोचवा म्हणायल्यात.”

मला वाटलं माझे कान फुटले. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई, नववीच्या वर्गात सापाच्या डूख धरण्याची थट्टा करणारी बाई, माझ्या आईपुढे हात जोडून स्वप्नाच्या थापा मारत होती. आयनं तुझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग उठली, हिरवा खण काढला, नारळ काढला आणि फळ्यांची ओटी भरली.

दादानं खिळे काढले. तो फळी उचलायला गेला तशी आय ओरडली, “घरच्या मान्सानं नाय उचलायच्या. आपुनच हाकलल्या असा व्हतंय.” बाहेरच्यानं न्यायच्या. झाकायच्याही नाहीत, बायांना झाकत नाहीत. घरात बाहेरची तू एकटीच होतीस. तुझी थाप तुझ्याच डोक्यावर आली, शालन, अगदी खरोखरीची. मी तुझ्याकडे बघून मानेनं नको म्हटलं. तू चुंबळ केलीस आणि पहिली फळी डोक्यावर घेतलीस.

किती खेपा केल्यास ते मी मोजलं नाही. मी ओटीचं ताट घेऊन मागून चालत होते, घरची असल्यामुळे मला तेवढंच चालणार होतं. साल तुझ्या मानेवर घासत होती, घामात भुगा चिकटत होता, तू तोंड मिटून नाकानं श्वास घेत होतीस. बांधावर उतरून ओहोटीच्या पाण्यात तू एकेक फळी सोडलीस. शेवटची सोडलीस आणि तिथेच चिखलात बसून खोकलीस. तो खोकला मला आवडला नाही. साधा खोकला असा पोटातून येत नाही.

आणि तरीही मी तिथेच, त्या बांधावर, तुझ्याशी भांडले. तू खोकत होतीस आणि मी भांडत होते. मी म्हटलं, तू माझ्या आईला फसवलंस. तिला समजावता आलं नाही म्हणून लहान मुलाला चंद्र दाखवावा तसं देव दाखवलंस. उद्या आळीतल्या बायका लाकडाच्या ओट्या भरत सुटतील. मग आपण शाळेत काय शिकवतो? तू फक्त म्हणालीस, “पोरीचा डोळा उघडू दे. मग भांड.”

डोळा उघडला. बुबुळाच्या कडेला छोटंसं फूल राहिलं, ते अजून आहे, पण तिला दिसतं. पुरळ ओसरलं. घरात पहिली फोडणी पडली तेव्हा आम्ही सगळे शिंकलो आणि हसलो. तुझ्या मानेवर मात्र चट्टे राहिले, आणि तो खोकला.

माझं म्हणणं खरं ठरलं. पावसाळ्याच्या आत आळीतल्या बायका आपापल्या फळ्यांना कुंकू लावून खाडीवर येऊ लागल्या. तू म्हणालीस, बघ, आख्ख्या गावातून लाकूड निघालं, सरकारला जमलं नसतं. मी म्हटलं, आणि शहाणपण कुठे निघालं? वर्षानुवर्षं आपण हे भांडण पुरवून खाल्लं. स्टाफरूममध्ये, भाजी निवडताना, निकालाच्या दिवशी. मी दर वेळी म्हणायचे, माझ्या आईला फसवलंस. तू दर वेळी म्हणायचीस, हो, फसवलं. एकदाही तू स्वतःची बाजू मांडली नाहीस, याचाच मला राग यायचा.

पतंगांचं तुझं मात्र संपलं नव्हतं. दोन-चार कोश तू आधीच काढून ठेवले होतेस. त्यांतून नर-मादी निघाले, काचेच्या आत अंडी घातली गेली. मग बाळसुरवंट. तू त्यांच्यापुढे आंबा ठेवलास, बाभूळ ठेवली, खाडीकाठच्या सुरूची पानं ठेवलीस. सुरू म्हणजे दिसायला पाइनच की. मी मनातून घाबरून बघत होते, कारण सुरूची आपल्या किनाऱ्याला काय कमी? त्यांनी तोंड लावलं नाही. मरायला लागले. मी म्हटलं, सुटलो, इथे यांना खायला काही नाही. तेव्हा दादा म्हणाला, आमच्या कारखान्याच्या हिरवळीवर साहेबानं कसली तरी रोपं लावलीत, सुयांसारखी पानं हायत. साहेब डेहराडूनकडचा होता, घराची आठवण म्हणून पाइन लावलं होतं त्यानं. तू डहाळी आणवलीस. सुरवंटांनी ती शेंड्यापासून देठापर्यंत संपवली. तुझ्यातल्या शिक्षिकेला आनंद झाला होता, ओळख पक्की झाली होती. पण चेहरा उतरलेला होता.

पुढच्या वर्षी त्या हिरवळीवरची रोपं बोडकी झाली. आपले सुरवंट तर तू कधीच स्पिरिटच्या बाटलीत घातले होतेस. म्हणजे हे दुसरे. साहेबानं फवारा मारला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तू नमुने घेऊन संग्रहालयात जायचीस आणि ते स्थळ लिहायला तयार नसायचे म्हणून खोकं घेऊन परत यायचीस. मग साहेबाची बदली झाली, कुणीतरी ती झाडं तोडून गाड्या लावायला जागा केली, आणि काही वर्षं पतंग दिसला नाही. मी म्हटलं, झालं, मेला एकदाचा. तू म्हणालीस, “दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतंय कुंदे.” मी तुला अपशकुनी म्हटलं.

तुला झोप लागायची नाही ती नुसत्या दम्यानं नव्हे. “खाडीत सोडल्या आपण त्या,” तू मध्येच म्हणायचीस. “खाडी काय गिळून टाकते का? कुठंतरी लागल्याच असतील. कुणीतरी वाळवून घरात घेतल्या असतील.” मी विषय बदलायचे. आता पलीकडे उरणच्या बाजूला बंदर होतंय, द्रोणागिरीच्या पायथ्याला गोदामं होणार म्हणतात. जगभरची खोकी उतरतील. तू पेपरातली ती बातमी वाचून घडी घातलीस आणि उशीखाली ठेवलीस. तेव्हा तुला जिन्याची एक पायरी चढली तरी कठड्याला धरून थांबावं लागत होतं. डॉक्टरला मी म्हटलं, तो खोकला त्या दिवसापासूनचा आहे. तो म्हणाला, सुरवंटाच्या केसांनी कुणाला दमा होतो का, बाई? मी त्याच्याशीही भांडले. तू नसताना भांडले, नाहीतर तू म्हणाली असतीस, तुला तरी कुठं खात्री आहे? नाही, मला खात्री नाही. पण त्या बांधावर तू कशी खोकली होतीस ते त्यानं ऐकलेलं नाही.

तू गेल्यावर आय तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून असते. तिला आता जवळचं कमी दिसतं. परवा मी तिच्याशेजारी बसले आणि एवढ्या वर्षांनी सांगून टाकलं. म्हटलं, आय, शालननं तुला फसवलं होतं. स्वप्न वगैरे काही पडलं नव्हतं तिला.

“मना म्हाईत व्हता,” आय म्हणाली.

“कसं काय?” मी विचारलं.

“बाया काय लाकरान बसतान? मी काय येरी हाय? ती पोर कवा देवापुरं उभी नाय ऱ्हाली. त्या दिशी तिनं हात जोरला. मना कलला, आमचे छबीसाठी जोरते हाय.” मग म्हणाली, “मना पन वाट पायजे व्हती गो. माज्यानं नाय म्हनवत नव्हता. तिनं वाट दिली.”

ऐकलंस ना? तू तिला फसवलं नव्हतंस. फसायचं तिनंच ठरवलं होतं. तुम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि मधल्या मधे मी एकटी इतकी वर्षं भांडत होते. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि तू नाहीस याचा इतका राग आला की मी उंबऱ्यावर मूठ आपटली. हे तुला सांगायला धावत मागच्या खोलीत यायला हवं होतं मला. तू म्हणाली असतीस, झालं का तुझं समाधान? आणि चहा टाकला असतास. त्या फळ्या तू डोक्यावर घेतल्यास तेव्हा आयला ठाऊक होतं, आणि तरी तिनं तुला घेऊ दिल्या, याचं काय करायचं ते मला कळत नाही. तिलाही कळत नसावं. तिथे बसून असते ती त्यासाठीच.

मग तिनं विचारलं, “तो तिचा पतंग, तपकिरी, पंखाव पांरा ठिपका, तोच ना?”

मी हो म्हटलं.

“मंग दोरीवर छबीचा फराक हाय, त्याच्याव बसलाय तो कोन?”

मी वळून पाहिलं. शाळेच्या निळ्या फ्रॉकवर, बाहीजवळ. मी उठले आणि हातभर अंतरावरून पाहिला. या खेपेला विचारायला तू नव्हतीस. ठिपका पाहिला, मिशा पाहिल्या, पायांवरची लव पाहिली, अगदी त्या सद्गृहस्थांनी पाहिली होती तशी. तोच होता. बाहीच्या शिवणीवर त्यानं अंडी घातली होती, ओळीनं, मोत्यांच्या माळेसारखी. कुठून आला, काय खाऊन मोठा झाला, आणखी किती आहेत, मला माहीत नाही. आजूबाजूला मला एकही पाइन माहीत नाही.

छबीला ओरडून घरात पाठवलं. हाताला फडकं गुंडाळलं, नाकातोंडाला पदर बांधला, तुझ्या खोलीतली कंदिलाची काच आणली आणि त्याला आत घेतला. तुझ्याच टेबलाशी बसून चिठ्ठी लिहिली. माझं अक्षर तुझ्यासारखं टपोरं नाही, पण वाचता येईल. पाइनवरचा पतंग, स्थळ घणसोली. शनिवारी घेऊन जाणार आहे, आणि या वेळी खोकं परत आणणार नाही.

फ्रॉक जाळला नाही, धुरात केस उडतात. खाडीत सोडला नाही. परसात खड्डा खणला. आय भिंत धरत धरत तिथवर आली आणि कडेला बसली. मी फ्रॉक आत टाकायला गेले तशी तिनं काठी आडवी धरली.

“अजून खोल,” आय म्हणाली.

मी पुन्हा खणायला लागले.